नेपाळ: ६० दिवसांचं वचन आणि बाहेरून आलेले हात

नदीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नेपाळच्या शांतता करारातलं एक कलम बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

२१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी काठमांडूत करारावर सह्या केल्या आणि दहा वर्षांचं युद्ध संपलं. त्यात असं ठरलं होतं की दोन्ही बाजूंनी बेपत्ता केलेल्या आणि मारलेल्या माणसांची खरी नावं, आडनावं आणि पत्ते ६० दिवसांत जाहीर करायचे. मुदत संपली २० जानेवारी २००७ ला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २३ जानेवारीला, सुरक्षा परिषदेने ठराव १७४० मंजूर केला आणि संयुक्त राष्ट्रांचं पथक नेपाळात अधिकृतपणे दाखल झालं. म्हणजे जग मदतीला येऊन पोचलं, तेव्हा घरच्यांना दिलेलं वचन तीन दिवसांपूर्वीच मोडलेलं होतं.

पुढे बरंच काही चांगलं घडलं. बंदुका कुलपात गेल्या, निवडणूक झाली, राजेशाही गेली, २०१५ मध्ये संविधान आलं. बेपत्ता माणसांची १,३०० हून जास्त घरं मात्र अजून वाट बघतायत.

माझा प्रश्न: बाहेरच्या देशांची, संस्थांची मदत सलोख्यापर्यंत पोचू शकते का? की लढाई थांबवण्यापाशीच तिची हद्द संपते? मला स्वतःला वाटतं की जगाने नेपाळला फार लवकर 'झालं एकदाचं' म्हणून टाकलं. वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

रानवाट

महत्त्वाचा विषय. माझ्यासारख्यांना जरा आधीचं सांगाल का? मला राजवाड्यातलं हत्याकांड तेवढं आठवतंय.

पायरी_पायरी

रानवाट, थोडक्यात सांगते. १३ फेब्रुवारी १९९६ ला माओवाद्यांनी 'जनयुद्ध' सुरू केलं. रोल्पा, रुकुम, गोरखा, सिंधुली इथून. त्याआधी सरकारला ४० मागण्या दिल्या होत्या. जमीन, जात, भाषा, राजेशाही सगळं त्यात होतं. पहिली पाच वर्षं पोलीस विरुद्ध माओवादी असा मामला होता. १ जून २००१ ला राजवाड्यात राजे वीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात आणीबाणी लागून सैन्य उतरलं, आणि माणसं मारली आणि गायब केली जाण्याचं प्रमाण भयंकर वाढलं. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्रांनी सत्ता हातात घेतली. त्यामुळे संसदेतले पक्ष आणि माओवादी एकत्र आले, एप्रिल २००६ च्या जनआंदोलनापुढे राजे नमले, आणि मग हा करार.

मृतांचा आकडा पूर्वी १३,००० सांगत, नंतर तो १७,००० वर गेला.

शिलालेख

नदीकाठ, वचनाबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पण 'युद्ध थांबणं' ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत, ती कशी झाली हे सांगायला हवं.

९ ऑगस्ट २००६ ला सरकार आणि माओवादी या दोघांनी वेगवेगळी, पण एकाच मजकुराची पत्रं संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांना पाठवली. आम्हाला मदत हवी आहे, आणि अमुक कामांसाठीच हवी आहे. संयुक्त राष्ट्रं आपण होऊन घुसली नाहीत, त्यांना दोघांनी मिळून बोलावलं. इतक्या नेमक्या मागणीवर आलेली शांतता मोहीम मला दुसरी आठवत नाही.

माणसंही कमी होती. शस्त्रांवर लक्ष ठेवायला जास्तीत जास्त १८६ निरीक्षक, तेही निःशस्त्र. सात मुख्य छावण्या (चितवनचं शक्तिखोर, रोल्पाचं दहबन, सुर्खेतचं दशरथपूर, इलामचं चुलाचुली वगैरे) आणि त्यांच्याभोवती २१ उपछावण्या. माओवाद्यांची शस्त्रं कंटेनरमध्ये ठेवली आणि किल्ली त्यांच्याचकडे राहिली. संयुक्त राष्ट्रांचा कॅमेरा आणि सायरन तेवढा वर. आणि जेवढी शस्त्रं त्यांनी ठेवली तेवढीच नेपाळी सैन्यानेही काठमांडूच्या छाउनी बराकीत कुलपात ठेवली. कुणी कुणाला शरण गेलं नाही, हे दोन्हीकडच्या सैनिकाला डोळ्यांनी दिसत होतं.

अजून एक गोष्ट मला फार भावते. निरीक्षक पोचायला वेळ लागणार होता, तोवर छावण्यांत कुणी बसायचं? तर भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले शंभरावर गोरखा जवान नेमले. दोन्ही बाजूंना ते चालले, कारण ते त्याच डोंगरांतले होते आणि या भांडणात कुणाच्याच बाजूचे नव्हते.

रानवाट

किल्ली माओवाद्यांकडेच! वाचून दोनदा थांबलो.

शिलालेख

हो. किल्ली काढून घेतली असती तर त्यांनी शस्त्रं आणलीच नसती.

खडीसाखर

शिलालेख, तुमच्या माहितीबद्दल आदर आहे, पण चित्र फार गुलाबी रंगवलंत. संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी करून १९,६०२ लढवय्ये ग्राह्य धरले. मे २००९ मध्ये प्रचंड यांची शक्तिखोरमधली जुनी चित्रफीत बाहेर आली, त्यात ते स्वतःच सांगतायत की आपण सात-आठ हजारच होतो, आपण आकडा ३५ हजार सांगितला. मग त्या पडताळणीला अर्थ काय राहिला? आणि नोंदलेली शस्त्रं ३,४७५. एवढ्या माणसांमागे एवढीच? मोजणाऱ्याने समोर आणून ठेवलं ते मोजलं.

पुढे जानेवारी २०११ मध्ये पथक निघून गेलं तेव्हा छावण्या भरलेल्याच होत्या. काम अर्धं टाकून मदत करणारे गेले, असं मी म्हणेन.

शिलालेख

चित्रफितीचा मुद्दा मान्य. 'टाकून गेले' हे मात्र मान्य नाही. मुदतवाढ द्यायला नेपाळातलेच पक्ष राजी नव्हते, आणि ज्याने बोलावलं त्याने जा म्हटलं तर जावं लागतं. उरलेलं काम नेपाळ्यांनी स्वतः केलं. एप्रिल २०१२ मध्ये छावण्या सैन्याच्या ताब्यात गेल्या, शेवटी सुमारे १,४०० जण सैन्यात घेतले गेले. बाकी १५ हजारांहून जास्त लोकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. पुनर्वसनाचा तिसरा पर्यायही होता, तो किती जणांनी निवडला ठाऊक आहे? सहा.

खडीसाखर

सहा हजार?

शिलालेख

सहा माणसं.

हिरवाचुडा

या 'सहा' वर मला बोलायचंय. २०११-१२ मध्ये मी पूर्व तराईतल्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवत होते. आमच्याकडे ते सहा नव्हते, पण २०१० मध्ये छावण्यांतून बाहेर काढलेल्या ४,००८ जणांपैकी काही होते. यातले जवळजवळ तीन हजार जण युद्धबंदीच्या वेळी अठरा वर्षांखालचे होते, उरलेले उशिरा भरती झालेले. कागदोपत्री सगळ्यांना एकच शब्द होता: 'अयोग्य'.

त्या एका शब्दाने काय केलं ते मी रोज बघत होते. चौदाव्या वर्षी लढायला गेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी गावी परतते, आणि गाव विचारतं, 'तुला त्यांनी अयोग्य का ठरवलं गं?' आमच्या वर्गातल्या एकीने लग्न जातीबाहेर, छावणीतच केलेलं. सासर घेईना आणि माहेरही घेईना. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी शिवणकाम, दुरुस्ती, दुकान, शाळा असे पर्याय ठेवले होते. पैसा होता, नीयतही चांगली होती. तान्ही मुलं असलेल्या बायका येऊ शकत नाहीत हे लक्षात आल्यावर मुलं सांभाळायची सोयही केली गेली. पण तिला हवं होतं ते प्रशिक्षण यादीत नव्हतंच. गावच्या पाणवठ्यावर कुणी तोंड फिरवू नये, एवढंच तिला हवं होतं.

छावण्यांत पडताळणी झालेल्यांत जवळपास पाचवा हिस्सा बायका होत्या, हेही इथे नोंदवते. चर्चेत त्या येतच नाहीत.

अबोली_क

ताई, वाचून गलबलून आलं.

मधलीआळी

सगळे संयुक्त राष्ट्रांबद्दल बोलताय, भारताचं काय? नोव्हेंबर २००५ मधली संसदेतले पक्ष आणि माओवादी यांच्यातली १२ कलमी समजूत दिल्लीत झाली. ती झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. आणि त्याच शेजाऱ्याबद्दल २०१५ च्या नाकाबंदीनंतर नेपाळी माणूस आज काय बोलतो तेही ऐका. संविधान आलं सप्टेंबरात, लगेच सीमेवरून इंधन आणि औषधं अडली, तीही त्याच वर्षीच्या भूकंपाने घरं पडलेली असताना. शेजाऱ्याची मदत आणि शेजाऱ्याचा दबाव एकाच दारातून येतात.

पायरी_पायरी

मधलीआळी, नाकाबंदीत तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनाचा भागही मोठा होता. भारत सरकारने नाकाबंदी केल्याचं कधी मान्य केलं नाही, नेपाळने ती भारतानेच केली असं मानलं. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे वळलो तर मूळ प्रश्न राहील. १२ कलमांबद्दल मात्र पूर्ण सहमत. स्विस आणि नॉर्वेजियन लोकही मागे राहून बरंच बोलणं घडवत होते.

पांथस्थ

उशिरा येतोय. मी २०१० नंतर दोन वर्षं बर्दिया जिल्ह्यात एका संस्थेसाठी काम केलं. नेपाळात सगळ्यांत जास्त माणसं बेपत्ता केली गेली ती याच जिल्ह्यातून. बहुतेक थारू, म्हणजे तराईतले आदिवासी. स्वतःची जमीन नसलेली, जमीनदाराकडे राबणारी माणसं. माओवाद्यांना जेवायला घातलं या संशयावरून सैन्याने रात्री उचलून नेलेली. माओवाद्यांनी नेलेलेही होते, संख्येने खूप कमी.

तिथे मला समजलं की 'बेपत्ता' हा शब्द घरात राहायला येतो. नवरा गेला नऊ वर्षांपूर्वी. बाई कुंकू लावते, बांगड्या घालते. सासू म्हणते, पुसून टाक. ती म्हणते, मढं दाखवा, मग पुसते. जमीन नवऱ्याच्या नावावर, ती हिच्या नावावर होत नाही, कारण तो कागदावर मेलेला नाही. मेला असं लिहून दिलं तर काही कामं सुटतात, पण ते लिहून देणं म्हणजे आपल्याच हाताने त्याला मारणं. हे वाक्य मी एकीकडून नाही, अनेकींकडून ऐकलंय.

आता नदीकाठ यांच्या प्रश्नाकडे येतो. बाहेरच्या मदतीने इथे काय केलं? रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने दोन गोष्टी केल्या. पहिली यादी. २००७ मध्ये ८०० हून जास्त नावं छापून प्रसिद्ध केली, पुढे ती वाढत १,३०० च्या वर गेली. दुसरी 'हातेमालो'. नेपाळीत हातेमालो म्हणजे हातात हात धरणं. आठ-दहा बायकांचा गट, गावातलीच एक बाई त्यांना जमवणारी, आणि आठवड्यांमागून आठवडे बसून बोलणं. पहिल्या बैठकीत कुणी बोलत नसे. पाचव्या-सहाव्या बैठकीला एक म्हणाली, 'माझा नवरा मोठ्यानं हसायचा.' सगळ्या रडल्या, मग हसल्या, आणि पुढे तासभर नवऱ्यांच्या खोड्यांच्याच गोष्टी चालल्या. त्या दिवशी घरी जाताना त्यांची चाल वेगळी होती.

याला सलोखा म्हणायचं की नाही, मला माहीत नाही. नेणारे कोण होते हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पण नदीकाठ, मदतीची हद्द लढाईपाशी संपत नाही, हे मी बघितलंय.

अबोली_क

'माझा नवरा मोठ्यानं हसायचा.' या ओळीनंतर मी बराच वेळ काही वाचू शकले नाही.

ओंजळ

पांथस्थ, तुम्ही लिहिलंत ते मोलाचं आहे. आता पैशाबद्दल. युरोपातल्या अनेक देशांनी 'नेपाळ शांती कोषा'त सरकारबरोबर पैसे घातले. छावण्या, निवडणूक, मदतनिधी बऱ्याच गोष्टी त्यातून झाल्या. मृतांच्या आणि बेपत्तांच्या घरच्यांना टप्प्याटप्प्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत रक्कम मिळाली.

पण या मदतीच्या यादीत दोन प्रकारचे पीडित नव्हतेच: छळ सोसलेले आणि बलात्कार सोसलेल्या बायका. का? त्यांची व्याख्याच पात्रतेत बसवली नव्हती. विधवेला मिळालं, तिच्या शेजारणीवर बराकीत जे झालं त्याबद्दल तिला दमडी नाही. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करायला नेमलेल्या सत्य आयोगाकडे ६०,००० हून जास्त तक्रारी आल्या, त्यात लैंगिक अत्याचाराच्या तीनशेच्या आसपास. ज्या बाईला पहिल्या यादीतच जागा नव्हती ती दुसऱ्या दाराशी कशी येईल? २०११ मध्ये नेपाळने स्त्रिया आणि शांतता यावर राष्ट्रीय कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण ज्यांनी पैसे दिले त्यांनी 'या बायका यादीत का नाहीत?' हा प्रश्न टेबलावर आपटायला हवा होता. ऐनवेळी बोलायचं नाही, हेही एक प्रकारचं मत देणंच झालं, आणि मला त्याचा राग आहे.

तटस्थ

सगळ्यांचं वाचलं. एक अप्रिय मत मांडतो. युद्धातले दोन्ही पक्ष पुढे सत्तेत आले. दोघांच्या हातांना रक्त लागलेलं. खटले लावायचे तर करार करणाऱ्यांवरच लावावे लागतील. मग करार टिकेल कसा? थोडी माफी हीच शांततेची किंमत असते. बाहेरच्यांनी न्यायाचा फार आग्रह धरला तर भांडण परत पेटेल. २०१३ मध्ये ब्रिटनने नेपाळी सैन्याच्या कर्नल कुमार लामांना छळाच्या आरोपाखाली अटक केली, २०१६ मध्ये ते सुटले. काय साधलं?

ओंजळ

तटस्थ, माफी देण्याचा हक्क कुणाचा? ज्याचं माणूस गेलं त्याचा की ज्याने नेलं त्याचा? सत्य आयोगाच्या २०१४ च्या कायद्यात सरसकट माफीची वाट ठेवली होती, ती फेब्रुवारी २०१५ मध्ये नेपाळच्याच सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. पीडितांनी जाऊन मिळवलेला निकाल आहे तो. बाहेरच्यांचा आग्रह म्हणून त्याला बाजूला सारता येणार नाही.

गोरखाच्या एका जोडप्याने, ज्यांचा मुलगा २००४ मध्ये चितवनमध्ये मारला गेला, न्यायासाठी काठमांडूत उपोषण केलं. ३०० हून जास्त दिवसांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, बाप वारला. न्याय मिळाल्याशिवाय देह घेणार नाही म्हणून घरच्यांनी तो रुग्णालयातच राहू दिला. त्यांना माफी ही शांततेची किंमत आहे असं तुम्ही तोंडावर सांगू शकाल?

तटस्थ

नाही सांगू शकणार. तेवढं माझं म्हणणं मागे घेतो. करार टिकण्याची भीती मात्र मला अजूनही वाटते.

शिलालेख

तटस्थ, काय साधलं याचं एक उत्तर आहे. नेपाळ १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक पाठवतो, आणि शिपायासाठी ती मोठी कमाई आणि मान असतो. डिसेंबर २००९ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या कोठडीतल्या मृत्यूप्रकरणी आरोपी असलेल्या मेजरला संयुक्त राष्ट्रांनी चाडमधून परत पाठवलं. खटला बाहेरच्यांनी चालवला नाही, पण आपल्या निळ्या टोपीखाली उभं राहू दिलं नाही. मला ही मदत फार मोलाची वाटते, आणि तिला पैसाही लागत नाही.

दुसरं, मे २००६ चा अहवाल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने काठमांडूच्या महाराजगंजमधल्या भैरवनाथ बटालियनच्या बराकीतून ४९ जण बेपत्ता झाल्याचं नोंदवलं. कार्यालय २०११ मध्ये बंद झालं, पण तो कागद आहे. पुढे जो कुणी शोधायला बसेल त्याला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

शब्दखूण

जरा भाषेकडे वळते. नेपाळीत या आयोगांची नावं सुंदर आहेत. एक 'सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग'. निरूपण म्हटलं की आपल्याला कीर्तन आठवतं, पण शब्द अगदी चपखल आहे: सत्य आहेच, ते उलगडून मांडायचंय. दुसरा आयोग 'बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन' करणारा. 'पारिएका' म्हणजे केले गेलेले. बेपत्ता 'झालेले' असं ते म्हणत नाहीत, कारण झालेला माणूस स्वतःहून हरवू शकतो. नदीकाठ यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच 'बेपत्ता केलेल्या' लिहिलंय ते बघून बरं वाटलं. शिलालेख, वर तुम्ही ४९ जण 'बेपत्ता झाल्याचं' लिहिलंत तेवढं सुधारा.

शिलालेख

बरोबर पकडलंत. 'केले गेल्याचं' असं वाचावं.

खडीसाखर

मी वर कडक लिहिलं होतं, म्हणून एक चांगली गोष्ट स्वतःहून सांगतो. युद्धात सैन्याने ५३ ठिकाणी सुरुंग पेरले होते. करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच सैन्याला ते काढायला शिकवलं. जून २०११ मध्ये काठमांडूजवळच्या फूलचोकीचं शेवटचं क्षेत्र मोकळं झालं आणि नेपाळ सुरुंगक्षेत्रमुक्त जाहीर झाला. ज्यांनी पेरले त्यांनीच काढले. बाहेरून आली ती विद्या, आणि ती इथल्यांच्या हातात राहिली. अशा मदतीवर माझी काही तक्रार नाही.

नदीकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पांथस्थ यांचा प्रतिसाद वाचून माझं पहिलं मत बदललंय. मदत सलोख्यापर्यंत पोचते, पण ती हातेमालोसारखी लहान, गावातल्याच बाईच्या हातून जाणारी असेल तेव्हा. मोठ्या निधीला ते जमलं नाही.

पुढचं: ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव गुटेरेस यांनी नेपाळच्या संसदेत सांगितलं की पीडितांना मान्य होईल अशा प्रक्रियेला संयुक्त राष्ट्रं साथ देतील. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगांचा तो २०१४ चा कायदा सुधारला. बलात्कार, बेपत्ता करणं, अमानुष छळ, मनमानी हत्या यांना माफी नाही असं त्यात आलं. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसाठी पुन्हा मुदत मिळाली. शिक्षा कमी करण्याच्या तरतुदीवर पीडितांमध्येच दोन मतं आहेत. आता बाहेरच्यांची मदत कुठे लागावी असं तुम्हाला वाटतं?

ओंजळ

तक्रार लिहून घेणाऱ्या बाया जिल्ह्याजिल्ह्यांत हव्यात, आणि नाव फुटणार नाही याची हमी. पैसा आधी तिथे.

शिलालेख

पुरलेले अवशेष ओळखणारे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा. वीस वर्षं होऊन गेली, आईबाप म्हातारे झाले. त्यांच्या रक्ताचे नमुने आत्ताच घेऊन ठेवले नाहीत तर पुढे हाड सापडूनही जुळवायला कुणी उरणार नाही. हे काम आयोगाच्या अहवालासाठी थांबवू नये.

तटस्थ

शिलालेख, याला माझाही पूर्ण पाठिंबा. यात कुणाला भीती वाटायचं कारण नाही.

रानवाट

एक शेवटचं विचारतो, पांथस्थ. ती रेड क्रॉसची नावांची यादी गावात लोकांनी बघितली का? की ती काठमांडूतच राहिली?

पांथस्थ

बघितली. आम्ही एक प्रत घेऊन गेलो होतो. एक आजी आल्या, त्यांना वाचता येत नव्हतं. नातीला म्हणाल्या, बाबाचं नाव शोध. नातीने बोट ठेवून वाचलं. आजी म्हणाल्या, 'चौधरी लिहिलंय ते ठीक, पण गावाचं नाव चुकलंय. आम्ही नदीच्या अलीकडचे. तो परत आला तर चुकीच्या गावी जाईल.' मी दुरुस्तीचा कागद तिथेच भरून दिला. त्यांनी अंगठा उठवला.